आमची वाटचाल : डिस्पोजलच्या जीपा आणि एक एक्सल

दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकन फौजा बोटींनी घरी निघाल्या आणि त्यांच्या जीपा इथेच राहिल्या. परत न्यायचा खर्च परवडणारा नव्हता. त्या डिस्पोजल, म्हणजे लष्कराचा उरलेला माल म्हणून लिलावात निघाल्या, सोबत मेणकागदात गुंडाळलेले, घट्ट ग्रीस फासलेले सुटे भाग. आमचं दुकान त्या मालावर उभं राहिलं. लिलावाची अट एकच : माल जसा आहे, जिथे आहे. लॉटमधले (एकत्र विकलेल्या ढिगातले) दोन-चार गिअरबॉक्स आतून रिकामे निघणार, हे बोलीतच धरायचं.

मधली वर्षं बरी गेली. बुडायची वेळ आली ती एक्सलमुळे.

युद्धातली जीप दोन कंपन्यांची, विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू. दोन्हींचा क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली दातेरी चक्रांची जोडी, ३९ ला ८ दातांचा, म्हणजे प्रमाण ४.८८. पुढे महिंद्रांनी आणलेल्या सीजे-३बीचा ४३ ला ८, म्हणजे ५.३८. पुढचा एक्सल मात्र युद्धाच्या जीपेचा आणि सीजे-३बीचा एकाच जातीचा, डेना २५, बाहेरून जुळी भावंडं. एका लॉटमध्ये दोन्ही मिसळून आले आणि आम्ही सगळे युद्धाचे म्हणून विकले. युद्धाच्या जीपेला पुढे ५.३८चा बसला तर मातीत फरक कळत नाही, टायर घसरून भरून काढतात. डांबरावर फोर-व्हील टाकली की पुढची-मागची चाकं दहा टक्क्यांच्या फरकानं ओढाताण करतात, फोर-व्हीलचा दांडा न्यूट्रलला येत नाही, आणि शेवटी ट्रान्सफर केसचे (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीचे) दात नाहीतर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, जातो. माल परत आला, पैसे परत गेले, उधारी मात्र तशीच राहिली.

तेव्हा धावून आले ते कराडचे एक मिस्त्री. त्यांनी माल परत पाठवला नाही, उलट खडू घेऊन दुकानात आले. गाडी टू-व्हीलमध्ये, पुढचं एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर उटी लावून पक्कं. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि पुढच्या शाफ्टवरची खडूची खूण मोजायची. पाचाला जरा कमी भरली तर ४.८८, पाच पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त गेली तर ५.३८. सुटा एक्सल असेल तर झाकणाचे दहा बोल्ट काढा आणि दात मोजा. बोल्टाखालच्या, दातांचा आकडा कोरलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर भिस्त ठेवू नका, तो कुणी बदलला हे कुणी सांगत नाही.

शेजारच्या एका व्यापाऱ्यानं आमच्या त्या फजितीवर गिऱ्हाइकं ओढली. वर विलीजच्या बोल्टांवर छिणीनं फोर्डची खूण, इंग्रजी 'एफ', ठोकून ते फोर्डच्या भावानं विकले. अजून विकतो. बोल्ट बघूच नका, फ्रेमच्या अगदी पुढचा आडवा दांडा बघा : विलीजला गोल नळी, फोर्डला उलट्या पन्हाळीसारखा पत्रा. तो काही छिणीनं बदलता येत नाही.

आणखी एक. पुढच्या एक्सलमधले, चाक वळतानाही शाफ्ट फिरता ठेवणारे सांधे बेंडिक्स, रेझ्पा, ट्रॅक्टा, स्पायसर असे चार तऱ्हांचे आले. एकाचा आतला शाफ्ट आणि दुसऱ्याचा बाहेरचा बसत नाही, घासून बसवायला जाऊ नका. डावा-उजवा पूर्ण जोड मागा. आमच्याकडे आता प्रत्येक एक्सलवर रंगानं दातांचा आकडा घातलेला असतो, आणि गिऱ्हाइकासमोर झाकण उघडल्याशिवाय पावती फाडत नाही.