एक मिलिमीटर

दार उघडून दिवे लावतोय तोवर ते गृहस्थ आत आलेसुद्धा. हातात पिवळी डिस्क, आठवड्यापूर्वी मीच विकलेली. काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ही डिस्ट्रॉयर नाही."

डिस्क-गोल्फ म्हणजे डिस्क फेकत फेकत टोपलीपर्यंत न्यायचा खेळ, आणि डिस्ट्रॉयर हे त्यातल्या एका डिस्कचं मॉडेल. या खेळाच्या जुन्या डिस्क घ्यायच्या, ओळखायच्या, चिठ्ठी लावून पुन्हा विकायच्या, हे माझं काम. वरचा फॉइलचा ठसा शाबूत असेल तर त्यात काही कौशल्य नाही, वाचता आलं की झालं. पण ठसा घासून जातो, किंवा कुणी ॲसिटोनने पुसून त्यावर स्वतःचं रंगकाम करतो. मग हातात उरतो प्लॅस्टिकचा बिननावाचा गोल. अशाच एका रंगकामाच्या हौशी माणसाने शौक सुटल्यावर एकेचाळीस पुसलेल्या डिस्कचं खोकं आणून दिलं होतं आणि मी ते एका संध्याकाळी उरकलं होतं. 'उरकलं' हाच शब्द बरोबर आहे.

आमच्या धंद्यात अशा तक्रारीवर एक उत्तर तयार असतं. मी ते दिलं. "अहो, वापरलेली आहे. झाडांवर आपटून कड झिजते, मग उजव्या हाताने बॅकहँड फेकली की नव्यापेक्षा जास्त उजवीकडे कलंडते." यात खोटं काही नाही. फक्त या खऱ्याच्या आड वाटेल ती चूक लपते.

"उडण्याचं मी बोलतच नाही," ते म्हणाले. "पकडीचं बोलतोय." पिशवीतून त्यांनी स्वतःची डिस्ट्रॉयर काढली, ठशासकट, आणि दोन्ही माझ्या दोन हातांत दिल्या. "डोळे मिटा."

मिटले. कडेच्या आतल्या भिंतीला बोटं टेकवली, अंगठे वर. त्यांच्या डिस्कवर बोटांना जरा लांब जावं लागत होतं. जरासंच. पण एकदा कळल्यावर ते न कळल्यासारखं करता येईना.

कॅलिपर काढला. व्यास दोन्हींचा २१.१ सें.मी. त्यांच्या डिस्कच्या कडेची रुंदी २.२, माझ्या पिवळीची २.१. व्यास मी त्या संध्याकाळी मोजला होता. कड मात्र नजरेने बघून 'रुंद आहे, डिस्ट्रॉयरच' असं ठरवून टाकलं होतं. पीडीजीए, म्हणजे या खेळाची १९७६ पासूनची संघटना, मान्यता दिलेल्या प्रत्येक मॉडेलची मापं यादीत देते: व्यास, उंची, कडेची खोली, कडेची जाडी. २१.१ आणि २.१ ला डिस्ट्रॉयरच्याच कंपनीचं, इनोव्हाचं, 'रेथ' हे मॉडेल बसत होतं. पण तेवढ्यावर रेथ म्हणणं म्हणजे पुन्हा तीच घाई. यादीत हजाराहून जास्त मॉडेलं आहेत, दुसरंही कुणीतरी तिथे बसत असणार. माप नकार खात्रीने देतं, होकार द्यायला दुसरं काहीतरी लागतं.

ते दुसरं काहीतरी डिस्कवरच होतं. फॉइल गरम दाबाने बसवतात, त्यामुळे रंग पुसला तरी प्लॅस्टिकमध्ये दाबाची खूण बऱ्याचदा राहते. दिवा समोरून मारला तर दिसत नाही. मी दुकानातले दिवे घालवले, मोबाइलचा टॉर्च डिस्कच्या पातळीला आडवा धरला आणि हळूहळू फिरवला. एका जागी इंग्रजी डब्ल्यूचा अर्धा भाग उमटला, थोडं पुढे शेवटचा एच. आठवडाभर नाव तिथेच होतं.

मी पैसे परत करायला गल्ला उघडला. ते म्हणाले, "ते नंतर बघू. खोक्यातल्या बाकीच्या चाळीसांचं काय?"

दुपारपर्यंत आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. निम्म्याहून जास्त ठीक निघाल्या. दोघींच्या बुडाला पेनने लिहिलेले फोन नंबर निघाले, कुणाच्या तरी हरवलेल्या. त्या आधी बाजूला, मालकांना फोन केल्याशिवाय विकायच्या नाहीत. एकीला मी 'एव्हिआर' अशी चिठ्ठी लावली होती, म्हणजे पटर, जवळून टोपलीत टाकायची डिस्क. त्यांनी ती नुसती तळहातावर तोलली आणि काट्यावर ठेवायला सांगितलं. १७९ ग्रॅम. नियमाप्रमाणे वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. एव्हिआरचा व्यास २१.२, म्हणजे जास्तीत जास्त १७६. काटा बघितला असता तर कॅलिपरसुद्धा लागला नसता. मोजली, तर २१.७ ची मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची डिस्क निघाली. माझी मान खाली.

मग आली काळपट निळी. कडेच्या खालच्या काठाला बारीक उंचवटा, म्हणजे बीड. व्यास २१.७. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं 'रॉक, जुनी, खरचटलेली', आणि ती सगळ्यात स्वस्त मालाच्या ढिगात टाकली होती. मॉडेल रॉकच होतं. ते मात्र ती उलटी करून बुडाच्या आतल्या बाजूवर नख फिरवत राहिले. तिथे साच्यातलीच उठावाची अक्षरं असतात. गडद प्लॅस्टिकवर, वर्षानुवर्षांच्या मातीखाली ती डोळ्यांना दिसत नव्हती. मी ओल्या ब्रशने माती काढली, पातळ कागद ठेवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासली, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. कागदावर आधी कंपनीचं नाव उमटलं, मग त्यापुढे कॅलिफोर्नियातल्या गावाचं: सॅन मरिनो.

रॉक १९८७ च्या सुमाराची. कंपनीचं ठिकाण बदलत गेलं तसं साच्यावरचं गावही बदललं: आधी सॅन मरिनो, मग ऑन्टॅरिओ, मग रँचो कुकामोंगा. संग्राहक या डिस्कना गावांच्या नावानेच हाक मारतात, आणि सॅन मरिनो रॉक म्हटलं की उठून उभे राहतात. मी ती खरचटलेल्यांत घातली होती.

खोक्याच्या मूळ मालकाला तिथूनच फोन लावला. त्याला माहीत असतं तर देताना बोललाच असता, पण विचारायला हवं होतं. "ती निळी? तिचा ठसा अर्धवट उडाला होता, वाईट दिसायची, म्हणून मी पुसला," तो म्हणाला. ठशासकट तिचं मोल किती वाढलं असतं ते मी त्याला सांगितलं नाही. डिस्क परत नेणार का, एवढंच विचारलं. संध्याकाळी येऊन घेऊन जातो म्हणाला. माझ्याकडच्या गृहस्थांचा चेहरा थोडा पडला. माझाही पडला असणार.

शेवटी एक पांढरी उरली. पटर. व्यास २१.२, बीड नाही, बुडाला एकही अक्षर नाही. आडव्या उजेडातही वर काही नाही, मधल्या भागात फक्त बारीक ओरखडे. तिच्या मापात बसणाऱ्या पटर इतक्या निघाल्या की यादी खाली सरकवत अंगठा दुखला. ओळखीच्या चार पटरांच्या पोटात ती बसवून पाहिली. दोघींत डुगडुगली. दोघींत बसली, आणि त्या दोघी वेगवेगळ्या कंपन्यांच्या.

"काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलं: 'पटर, २१.२, १७४ ग्रॅम, बीडशिवाय, नाव कळलं नाही.' अशी चिठ्ठी मी त्याआधी कधी लावली नव्हती. नाव नसलेली वस्तू कोण घेणार, म्हणून मी नेहमी जवळचं काहीतरी ठोकून द्यायचो.

पिवळीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्याऐवजी पांढरी मागितली, पिवळीही ठेवून घेतली. मग काउंटरवरचा मार्कर उचलला. पीडीजीएच्या स्पर्धेत प्रत्येक डिस्कवर खेळाडूची स्वतःची खूण लागते. पांढरी उलटी करून त्यांनी बुडाला नाव आणि फोन नंबर लिहिला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि ती पिशवीत टाकली.