तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळखोरीचाच कायदा का?

घरात एवढे घडून गेल्यावरही मी दिवाळखोरीचाच कायदा का निवडला, असे मला सांगलीच्या गणपती पेठेतल्या ओळखीच्या दुकानांत, लग्नकार्यांत आणि आता विधी महाविद्यालयातही विचारतात. मार्केट यार्डातली आमची हळदीची अडत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देण्याची पेढी, कशी बंद पडली हे विचारणाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. त्यांना खरे विचारायचे असते ते वेगळेच: लोकांचे पैसे बुडवण्याची वाट शिकायला गेलीस का? आजवर मी विषय बदलत आले.

आधी एक गैरसमज दूर करते. बहुतेकांना २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता तेवढी ऐकून माहीत असते. पण तिच्यातला व्यक्ती आणि भागीदारी संस्थांविषयीचा भाग, कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे सोडले तर, अजून अमलातच आलेला नाही. त्यामुळे एकट्याच्या मालकीची पेढी चालवणाऱ्या सांगलीच्या अडत्याला आजही १९२० चा प्रांतिक नादारी (कर्ज फेडता न येण्याच्या स्थितीचा) कायदा लागू होतो आणि त्याचा अर्ज कंपन्यांची प्रकरणे चालवणाऱ्या मुंबईच्या न्यायाधिकरणात नव्हे, इथल्या जिल्हा न्यायालयात जातो. त्या कायद्याचे सहावे कलम सरांनी मला वर्गात मोठ्याने वाचायला सांगितले आणि ते मला पूर्ण वाचता आले नाही.

कोणते वागणे हे नादारीचे कृत्य ठरते, म्हणजे कशावरून माणसाला नादार ठरवता येते, ते त्या कलमात दिले आहे. देणे बुडवण्याच्या किंवा लांबवण्याच्या हेतूने घर सोडून जाणे हे त्यातले एक. आणि धनकोंना, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांना, गाठता येऊ नये अशा रीतीने स्वतःला दडवून ठेवणे, हे दुसरे.

मी अकरावीत होते. जत तालुक्यातले एक शेतकरी सकाळच्या एसटीने आमच्या घरी आले. विकलेल्या मालाची, वडिलांनीच दिलेली हिशोबपट्टी त्यांच्या हातात होती, रक्कम एक लाख श्याऐंशी हजार रुपये. वडील मधल्या खोलीत होते. आईने मला नजरेने पुढे केले आणि मी दारात जाऊन सांगितले की, "पप्पा पुण्याला गेलेत." ते म्हणाले, "बरं, बसतो जरा." मी पाणी दिले. त्यांनी मुलीच्या लग्नाचे किंवा औषधपाण्याचे काही सांगितले असते तर मला कदाचित सोपे गेले असते, पण त्यांनी फक्त मी कितवीला आहे ते विचारले. सुमारे तासाभराने ते उठले. उंबऱ्याबाहेर वडिलांच्या चपला होत्या, त्यांच्याच शेजारी यांनी आपल्या काढल्या होत्या. पायात चपला घालताना ते त्या दुसऱ्या जोडाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आल्यावर सांग पोरी, मी येऊन गेलो म्हणून." त्यांनी आवाज चढवला नाही. वडिलांना निरोप सांगायची गरज नव्हती, त्यांनी सगळे ऐकलेच होते.

माझे वडील लबाड नव्हते. परगावच्या दोन खरेदीदारांनी त्यांचे पैसे थकवले होते, आणि आईने मंगळसूत्राखेरीज सगळे सोने मोडून लहान देणी भागवली होती. (धर्माचाराने स्त्रीला दूर करता येत नाही असा दागिना कायदाही जप्तीतून वगळतो, हे मला फार नंतर कळले.) हे मी कुणापुढेही सांगेन. पण कलमात बुडवणे आणि लांबवणे हे दोन्ही शब्द आहेत, आणि त्या सकाळी आम्ही लांबवत होतो, हेही तितकेच खरे आहे. दारात उभी राहून ते लांबवणारी मी होते.

पहिल्या वर्षी मी एका निबंधात लिहिले होते की, प्रामाणिक ऋणकोला (देणेकऱ्याला) पुन्हा उभे राहता यावे म्हणूनच हा कायदा आहे आणि माझ्या वडिलांनी वेळेवर अर्ज केला असता तर आमचे घर मानाने जगले असते. तो निबंध लिहिणाऱ्या मुलीशी मी आता वाद घालते. न्यायालयाने नादारीतून मुक्त केले की बहुतेक जुनी देणी संपतात. म्हणजे ती हिशोबपट्टीही संपली असती. कंपनी असती तरी २०१६ च्या संहितेच्या ५३ व्या कलमातल्या, पैसे कुणाला आधी द्यायचे त्या उतरंडीत कामगार, तारण घेतलेल्या बँका आणि सरकारी देणी आधी येतात, माल देऊन बसलेला शेतकरी पार खाली. मग मानाने जगण्याची किंमत कुणी मोजायची, हे त्या मुलीने लिहिलेच नव्हते. तरीही अर्ज केला असता तर वडिलांना मधल्या खोलीत बसावे लागले नसते, असे ती म्हणते, आणि तिला काय उत्तर द्यावे हे मला समजत नाही.

ते देणे आता मुदतबाह्य आहे. वसुलीचा दावा लावायची मुदत तीन वर्षांची, ती केव्हाच उलटली. मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचन वैध ठरते. तसा कागद मी गेल्या दिवाळीनंतर तयार केला, रक्कम आकड्यांत आणि अक्षरी लिहिली आणि वडिलांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि मला विचारले, "ते अजून आहेत का?" मी चौकशी केलेली नव्हती. कागद कपाटात आहे, सहीची जागा कोरी आहे, आणि जतला मी अजून गेलेले नाही.