ड्रॅगनचा बोर्ड : आमची वाटचाल

हावड्याहून पुण्याला निघालो तेव्हा सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि गोणपाटात गुंडाळलेली लोखंडी कढई होती. साल २००४. कढई चौदा इंची, पातळ पत्र्याची, एका दांड्याची. तिच्याशिवाय बाकीचं सामान हरवलं असतं तरी चाललं असतं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. आमच्याकडे दर घरातला एखादा तरी माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात, कुठल्या तरी लांबच्या शहरात. मी चौदाव्या वर्षी कलकत्त्याला गेलो, बडाबाजारात, चुलत्यांच्या दुकानात. सोनं वितळवायची मूस, तेजाब म्हणजे ॲसिड, भट्टी, ब्लोअर यांतच बारा वर्षं गेली. सोनं वितळायला १०६४ अंश लागतात, पण मुशीपुढे थर्मामीटर कोणी लावत नाही. ज्योतीचा रंग बघायचा आणि आवाज ऐकायचा. आमचा पहिला धडा तोच, आणि पुढे तोच कामाला आला.

बडाबाजारातून टेरिटी बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. रविवारी सकाळी सहाला तिथे चिनी कुटुंबं नाश्ता विकायला बसायची: बाओ, मोमो, फिशबॉलचं सूप. आठ-साडेआठला सगळं संपलेलं. चुलते म्हणायचे, सकाळी सकाळी हे काय खातोस? पण मला चटक लागली. तिथून टांग्रा, कलकत्त्यातलीच दुसरी चिनी वस्ती. तिथे हक्का या चिनी समाजातल्या लोकांच्या चामडं कमावण्याच्या टॅनऱ्या. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला सांगितलं, त्या बानतल्याला जाऊ लागल्या, आणि इकडे आणखी हॉटेलं निघाली. तिथल्या एका सहा टेबलांच्या हॉटेलात मी संध्याकाळी जाऊन बसायचो. खायला पैसे कमी, म्हणून कोबी चिरून द्यायचो. मालकांना सगळे चाचा म्हणत, मीही चाचाच म्हणायचो. हिंदी, बंगाली आणि घरात हक्का बोलायचे. भट्टीजवळ त्यांनी मला दोन वर्षांनी उभं केलं. म्हणाले, "तू सोनार के यहाँ काम करता है, आग से डरेगा नहीं." पुण्याला निघालो तेव्हा कढई त्यांनीच दिली.

पुण्यात रविवार पेठेत मावसभावाच्या गलाईच्या दुकानात कामाला लागलो, राहायला बिबवेवाडीत बहिणीकडे. पहिल्या आठवड्यात चायनीज खायला बाहेर पडलो, आणि सहा महिने शोधतच राहिलो. स्वारगेट, कात्रज, टिळक रोड, कर्वे रोड, स्टेशन. खिशात डायरी ठेवली होती. जागा, भाव, भाताचा रंग, सगळं लिहून ठेवायचो. चाळीसेक ठिकाणं झाली असतील. बहुतेक ठिकाणी भात लाल. रंगाने लाल, मिरचीने नाही. नूडल्सचा गोळा. चिली चिकन म्हणजे केचपमध्ये बुडवलेली भजी. कॅम्पात दोन ठिकाणी बरं मिळालं, पण एका माणसाच्या जेवणाला माझ्या दोन दिवसांचा पगार जायचा.

नव्या शहरात गेलेल्या माणसाने चायनीज कसं पारखावं, हे मला त्या डायरीने शिकवलं. मेनूकार्ड बघू नका. आधी गाडीजवळ उभे राहा आणि भट्टीचा आवाज ऐका. ज्योत निळी आणि घुमणारी हवी. पिवळी असेल तर तिथे हवा कमी पडते आहे, अन्नाला काजळीचा वास येणार. मग भात कुठून काढतात ते बघा. पातेल्यातला वाफाळता भात थेट कढईत गेला तर त्याचा लगदाच होतो. भात आधी शिजवून, पसरून, गार केलेला असला पाहिजे. आणि पहिल्यांदा साधा एग फ्राईड राईस मागवा, दुसरं काही नाही. त्यात लपवायला जागा नसते. ट्रिपल राईस मागवणाऱ्याला आचाऱ्याचा हात कळत नाही, सॉस कळतात.

चांगलं मिळेना म्हणून २००५ च्या दिवाळीनंतर बिबवेवाडीत गाडी लावली. भावजींनी जामीन राहून गाडी बनवून दिली. लाल रंग, त्यावर पिवळा ड्रॅगन, आणि वर मोठ्या अक्षरांत 'चायनीज'. बर्नर बोहरी आळीतून आणला आणि दोन दिवस उलगडून बसलो. जेट, म्हणजे गॅस सुटतो ते तोंड, बारीक होता, तो बदलून घेतला, हवेचं तोंड मोठं केलं. १९ किलोचा एकच सिलिंडर जोरात ओढला की बाहेरून बर्फ धरतो आणि ऐन गर्दीत ज्योत बसते. म्हणून सुरुवातीपासून दोन जोडले. शेजारचे गाडीवाले म्हणाले, बंगाल्याला गॅस फुकट मिळतो वाटतं. 'बंगाली' हे नाव तेव्हापासून चिकटलं. मी विट्याचा आहे हे सांगणं पुढे सोडून दिलं.

कढईबद्दल एवढं लिहितोच, कारण नवी मुलं अॅल्युमिनियमची घेतात आणि मग अन्न चिकटतं म्हणून रडतात. लोखंडी घ्या. पहिल्या दिवशी रिकामी तापवा, पत्रा निळसर होईपर्यंत. मग तेल, आलं आणि कांद्याची पात टाकून सगळीकडून फिरवा. आतून काळी झाली की ती तयार. साबण कधी लावू नका. गरम असतानाच पाणी टाकून बांबूच्या ब्रशने झाडा, परत आगीवर धरा, पुसून घ्या. माझ्या कढईचा दांडा तीनदा वेल्डिंग केला आहे, बूड पातळ झालं आहे, पण तिच्यातला भात सुटा होतो.

तीन महिने झाले नाहीत तोच फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. कोंबड्या लाखांनी मारल्या. पुण्यात चिकनचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरत. तेव्हा एक माणूस रोज आला: कंडक्टरकाका. स्वारगेट डेपोचे. रात्रीची ड्युटी संपली की खाकी शर्टावरच यायचे, हाफ एग फ्राईड राईस, वर थोडी पांढरी मिरी, सॉस नाही. हाफचे तेव्हा पंधरा रुपये. काका मोजून सुटे द्यायचे. गाडीपुढे ते एकटेच खात उभे आहेत हे बघून आणखी दोघे थांबायचे. मी एकदा म्हणालो, काका, पैसे राहू द्या. ते म्हणाले, "तिकीट काढल्याशिवाय मी कोणाला बसू देत नाही, आणि स्वतःही बसत नाही."

२००९ ला गाळा घेतला. गाडीवरचा पत्रा काढून तोच ड्रॅगन गाळ्यावर ठोकला. पुढची दहा वर्षं चांगली गेली. मुलीचं शिक्षण झालं, कर्ज फिटलं, नोटबंदीत काकांनी डबाभर नाणी आणून दिली.

समोरच्या रांगेत २०१४ साली दुसरं हॉटेल निघालं. मालकाचं नाव मी लिहिणार नाही. स्पर्धेला मी कधी नाही म्हटलं नाही. त्याचा भात माझ्याहून दहा रुपये स्वस्त, रंग दुप्पट. दोन वर्षांत माझा एक हेल्पर त्याने नेला, तेही मी गिळलं. पण २०२० मध्ये त्याने जे केलं ते मी विसरलेलो नाही.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. माझ्याकडे कामाला असलेली तीन मुलं गाळ्यातच अडकली होती, दोन बंगालची, एक नेपाळचा दाजू. महिनाभर मी त्यांना घरून डबा दिला. मे महिन्यात बंगालची दोघं श्रमिक गाडीने गेली. पार्सल सुरू झालं तेव्हा मी आणि दाजू, दोघंच. सहा वर्षांनी मी पुन्हा पूर्ण वेळ भट्टीवर उभा राहिलो. त्यात 'हा रोग चीनमधून आला' म्हणून लोक आधीच बिचकत होते. आणि १५ जूनला गलवानला आपले वीस जवान गेले.

त्या आठवड्यात बहिष्काराची भाषा सुरू झाली. केंद्रातल्या एका मंत्र्यांनी चायनीज विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी आणा म्हटलं. चौथ्या दिवशी समोर फ्लेक्स लागला: 'येथे चायनीज मिळणार नाही'. खाली तिरंगा. आणि त्याखाली 'देशी मंचुरियन, देशी नूडल्स'. कढई तीच, सॉसच्या बाटल्या त्याच, भातात रंगही तोच. त्याच संध्याकाळी आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या ड्रॅगनचा फोटो फिरला. 'हे अजून उतरलं नाही' असं खाली लिहिलेलं. फोटो त्याच्याच ओट्यावरून काढलेला होता. त्या फोटोत त्याच्या फ्लेक्सचा कोपरा दिसतो, अजून माझ्या फोनमध्ये आहे.

मंचुरियन देशीच आहे, हे त्याला कोणी सांगायचं? मंचुरियात तो पदार्थ नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आलं-लसूण-हिरवी मिरची घेऊन, गरम मसाल्याऐवजी सोया आणि कॉर्नफ्लोअर वापरून तो केला, असं आमच्या धंद्यात सगळे सांगतात. माझा कोबी मार्केट यार्डातला, कोंबडी आपल्याकडची, तांदूळ आपला. फ्लेक्सवरच्या 'देशी' शब्दाने त्यात काय बदललं?

दिवसाला साठ-सत्तर पार्सल जायची, ती सातवर आली. एका रात्री चार पोरं आली, आवाज न चढवता म्हणाली, बंगाली, बोर्ड काढा, उद्या आम्हाला काही करायला लावू नका. चौघांनाही मी लहानपणी फुकट सूप पाजलेलं आहे.

त्या रात्री टोरांटोला फोन लावला. कलकत्त्याचे बरेच हक्का लोक आता तिकडे आहेत, चाचाही मुलाकडे गेलेले. त्यांचं मूळ घर आसाममधलं माकुम. वडिलांचं तिथे छोटं खाणावळीसारखं हॉटेल होतं. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धाच्या वेळी आसाम-दार्जिलिंगकडच्या चिनी वंशाच्या लोकांना रेल्वेत बसवून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं, तीन हजारांच्या आसपास माणसं. कित्येकांचा जन्म इथलाच. काही जण तर १९६७ पर्यंत आत होते. चाचा तेव्हा सतरा वर्षांचे. हे सगळं त्यांनी मला टांग्रात एकदाच सांगितलं होतं, कोळंबी सोलता सोलता, आणि परत कधी विषय काढला नाही.

मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बोर्ड उतार दो बेटा. पहले धंदा बचाओ." मी विचारलं, तुमच्या वडिलांनी उतरवला होता? म्हणाले, हो, लढाईच्या पहिल्या आठवड्यात. मी विचारलं, मग? त्यावर ते काही बोलले नाहीत. छावणीत गेले तेव्हा दुकानावर बोर्ड नव्हताच.

मी बोर्ड उतरवला नाही. सकाळी शिडी लावून पुसून घेतला. बायको रडली. भावजी म्हणाले, निदान अक्षरांवर कापड टाक, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. सल्ला चुकीचा नव्हता, घरभाडं थकलेलं होतं. पण ती अक्षरं झाकून मी ज्या हाताने भात परतला असता, तो हात चाचांनी तयार केलेला आहे.

कंडक्टरकाका २०१८ ला रिटायर झाले होते. दम्याचा त्रास, घरच्यांनी बाहेर पडू नका म्हणून सांगितलेलं. तरी २१ जूनच्या संध्याकाळी मास्क लावून आले. हाफ एग राईस. बसायला बंदी होती, म्हणून ड्रॅगनखाली स्कूटरला टेकून उभ्या उभ्या खाल्ला. समोरच्या ओट्यावरून ते चौघे बघत होते. काका त्यांना म्हणाले, "याच्याखाली मी पंधरा वर्षं जेवतोय. सैन्यात माझा पुतण्या आहे. तुमच्यात कोणाचं कोण आहे?" कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी डेपोतले आणखी तिघे घेऊन आले. जुलैच्या शेवटी वीस पार्सलं झाली. ऑक्टोबरच्या ५ तारखेला निम्म्या क्षमतेने हॉटेलं उघडली तेव्हा पहिल्या टेबलावर काका होते, आणि त्या दिवशीही त्यांनी पैसे मोजून दिले.

समोरच्याने दिवाळीत फ्लेक्स काढला आणि पुन्हा 'चायनीज' लिहिलं. आधीच्यापेक्षा मोठं. माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही, अजूनही हसत नाही.

नवीन गाळा घेणाऱ्यांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. तीन महिन्यांचं भाडं आणि पोरांचा पगार वेगळ्या खात्यात ठेवा, आणि मालकाने भट्टी सोडू नये. आचारी गेला, हेल्पर गेला तरी कढई तुम्हाला उचलता आली पाहिजे. मला उचलता आली म्हणून जून निघाला. खांदा गेला, तो डॉक्टरांकडे दाखवतो आहे.

गेल्या महिन्यात बोर्ड नव्याने रंगवला. रंगारी म्हणाला, आता 'कलकत्ता चायनीज' लिहू, ते चालतं हल्ली. मी म्हटलं, आहे तेच लिही. वाळल्यावर फोटो काढून टोरांटोला पाठवला. बोर्ड, खाली मी, आणि मागे भट्टीवर दाजू.

रात्री उशिरा चाचांच्या मुलाचा मेसेज आला. चाचांनी फोटो मोठा करून बघितला, म्हणे. बोर्डाबद्दल काही नाही. फक्त एवढंच, की मागची ज्योत पिवळी दिसते आहे, जेट साफ कर.

खरंच पिवळी होती. गाळा बंद केल्यावर मी आणि दाजूने बर्नर उलगडला, आणि पिन घालून जेट मोकळा केला.