श्वास रोखून मोजलेला प्राणवायू

एमआरआयच्या यंत्रात तासभर पडून होते, असे गेल्या रविवारी आईला फोनवर सांगितले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “काय झालंय तुला?” मला काहीच झालेले नव्हते, आणि म्हणूनच मला बोलावले होते. शिरेतून दिलेल्या फ्युरोसेमाइडने निरोगी माणसाच्या मूत्रपिंडातील प्राणवायूत काय फरक पडतो, हे बॉस्टनमधील त्या अभ्यासात पाहायचे होते. लघवी वाढवणारे हे औषध आपल्याकडे लॅसिक्स या नावाने घरोघरी माहीत आहे. आजोबांच्या पायांवर सूज असे तेव्हा सकाळच्या चहानंतर ती गोळी त्यांच्या हातावर ठेवण्याचे काम माझ्याकडे होते.

शरीराच्या वजनाच्या एक टक्काही न भरणाऱ्या दोन मूत्रपिंडांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा जातो, त्यामुळे तेथे प्राणवायूची चंगळ असावी असे वाटते. बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, ती आहेही. आतल्या मेड्युलात मात्र रक्तपुरवठा बेताचाच असतो, कारण तो जोराचा असता तर लघवी घट्ट करण्यासाठी साठवलेले क्षार वाहून गेले असते. आणि नेमके तेथेच मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांचा एक भाग, हेन्लेच्या वळणाचा जाड चढता भाग, मीठ उपसण्याचे कष्टाचे काम अहोरात्र करत असतो. कॉर्टेक्समध्ये प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे ५० मिलिमीटर असतो, तर मेड्युलात तो १० ते २० वर येतो.

सुई न खुपसता हे कळते ते रक्तामुळे. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढले जाते, प्राणवायू धरून असलेले ओढले जात नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हे १९३६ मध्येच दाखवले होते. १९९० मध्ये सेजी ओगावा यांनी तोच गुण मेंदूच्या प्रतिमांसाठी वापरला. प्राणवायू गमावलेले रक्त जितके जास्त, तितका त्या जागेकडून एमआरआयच्या यंत्राला मिळणारा संकेत लवकर विझतो, आणि विझण्याच्या या वेगाला येथे सगळे ‘आर-टू-स्टार’ म्हणतात. प्रतिमेत दिसतो तो प्राणवायू नव्हे, त्याच्या अभावाची खूण. रक्ताचे प्रमाण बदलले तरी आकडा हलतो, म्हणून घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

मी उपाशीपोटी गेले होते, तरी आदल्या रात्रीच्या हरभऱ्याच्या उसळीने दगा दिला. आतड्यातील वायूमुळे डाव्या मूत्रपिंडाच्या कडेला काळा डाग उमटला आणि तेवढा भाग मोजणीतून वगळावा लागला. “श्वास सोडा, थांबा,” अशी सूचना आली की पंधरा सेकंद तसेच राहायचे. औषध दिल्यानंतर पाव तासाने पुन्हा तेच, फक्त आता मूत्राशय फुटेल की काय अशी अवस्था! नंतर दोन्ही चित्रे शेजारी लावून दाखवली: पहिल्यात मेड्युलाचे गडद त्रिकोण स्पष्ट होते, दुसऱ्यात ते इतके फिकट झाले होते की कॉर्टेक्सची सीमा शोधावी लागली.

प्रसाद, एडलमन आणि एपस्टीन या संशोधकांनी याच शहरातून १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले होते. त्यातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ॲसिटाझोलामाइड या दुसऱ्या औषधाशी केलेली तुलना. लघवी त्यानेही वाढते, पण ते कॉर्टेक्समधील नलिकांवर काम करते, आणि मेड्युलाचे चित्र त्याने बदलले नाही. म्हणजे फरक लघवी वाढल्याने पडत नाही. फ्युरोसेमाइड नलिकेच्या पेशीत मीठ शिरण्याची वाटच अडवते, उपसण्याचे काम थांबते आणि प्राणवायूचा खर्च वाचतो.

“मग नुसतं भरपूर पाणी प्यायलं तर?” आईने विचारले. तरुणांमध्ये त्यानेही मेड्युलाचा प्राणवायू वाढतो, वयस्कांमध्ये तसा वाढत नाही, आणि आधी आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक घेतलेल्या तरुणांमध्येही नाही, कारण या परिणामाला लागणारी प्रोस्टाग्लँडिने ही शरीरातील रसायने ते औषध बनूच देत नाही. गुडघ्यांसाठी आईला तीच गोळी अधूनमधून लागते, त्यामुळे फोनवरचा उरलेला वेळ त्यावरच बोलण्यात गेला.