घाटा, ओटा आणि अमळनेर

पहाटे पावणेपाचला मावशींनी हलवून उठवलं. "घाटा शिजला. येतो का वर? मग ऊन चढतं."

आदल्या रात्री मीच फुशारकी मारली होती की मला बिबडे, म्हणजे इथले ज्वारीचे पापड, करताना बघायचेत. धुळ्याहून एसटीनं अमळनेरला पोचायला तासभर लागला, तेवढ्यात खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्यानं घसा कोरडा पडला होता. वैशाखात खानदेशात जाऊ नये असं मला तिघांनी सांगितलं होतं आणि त्यातले दोघे खानदेशी होते. पण माझा होस्टेलचा मित्र म्हणाला, "आखाजी ते रथ, या दिवसांत आमचं गाव खरं बघायला मिळतं." त्याच्या आईवडिलांना मी मावशी आणि आबा म्हणतो. गल्लीत मात्र मावशींना लहानथोर सगळे 'बाई'च म्हणतात.

गच्चीवर दोन खाटा उलट्या-सुलट्या मांडून त्यांवर ओली जुनी धोतरं ताणून बसवली होती. मधे भलंमोठं पातेलं. ज्वारी तीन दिवस भिजवून, भरडून, त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून शिजवलेली ती दाट पेज म्हणजे घाटा. भोवती सहासात बायका. त्यातल्या तिघी गल्लीतल्या माहेरवाशिणी होत्या, आखाजीला आलेल्या आणि अजून परत न गेलेल्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, इथे लेक घरी येते. पितरांची घागर भरतात, तिच्यावर आंबा आणि सांजोरी ठेवतात. शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्षही आखाजीलाच संपतं आणि तिथूनच नवं सुरू होतं. समोरच्या निंबाला बांधलेला झोका अजून सोडलेला नव्हता.

बिबडा थापायला बसलो आणि माझी अब्रू गेली. पाण्यात बोटं बुडवायची, घाट्याचा गोळा कपड्यावर टाकायचा आणि तीन बोटांनी, तळहात न लावता, मधून कडेकडे पसरत न्यायचा. घाटा गरमच असावा लागतो, गार झाला की पसरत नाही. म्हणजे भाजायचं आणि थापायचं. माझा पहिला बिबडा श्रीलंकेच्या नकाशासारखा झाला, दुसऱ्याला मधेच भोक पडलं. "जाड नको करू, पतलं थाप," असं एक आजी म्हणाल्या आणि मग माझ्याकडे बघून तेच वाक्य शुद्ध मराठीत पुन्हा म्हणाल्या. हे दिवसभर चालू होतं. मला चहा विचारायचा तो मराठीत, माझ्याबद्दल काय बोलायचं ते अहिराणीत. 'पाव्हना' हा शब्द ऐकू आला आणि पाठोपाठ हशा झाला की मी समजून जायचो.

साडेसातपर्यंत दोन्ही खाटा भरल्या. उरलेला घाटा वाट्यांमध्ये आला, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. मी तीन वाट्या खाल्ल्या. संध्याकाळी धोतर उलटं करून त्यावर मागून पाणी शिंपडलं की बिबडे अलगद सुटतात, हेही पाहिलं. माझे दोन सोडून.

दुपारी एक वाजता मी कॅमेरा घेऊन बाहेर पडलो. गाढवपणा. त्रेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रं नाही, दुकानांची शटरं अर्धी खाली. दगडी दरवाजापर्यंत गेलो. अमळनेरच्या जुन्या गढीची ही एवढी खूण. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर आतल्या अरब शिबंदीनं इंग्रजांना किल्ला मुकाट्यानं दिला नव्हता, ते प्रकरण लढाईवर गेलं होतं. मी दरवाजाचा एक फोटो काढला आणि सावली शोधत पळालो. रसवंतीवाल्यानं काही न विचारता आपला रुमाल माठातल्या पाण्यात बुडवून माझ्या डोक्यावर टाकला. पैसे घेतले ते फक्त रसाचे.

ऊन उतरल्यावर आबा मला स्कूटरवरून गाव दाखवायला घेऊन निघाले. त्यांची पद्धत अशी की स्कूटर थांबवायची नाही, हात करून दाखवायचं. "ही गुरुजींची शाळा." साने गुरुजी १९२४ मध्ये इथे शिक्षक म्हणून लागले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. मधल्या काळात वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणं, अंथरुणं आवरणं आणि त्यांच्यासाठी 'छात्रालय' हे दैनिक हातानं लिहून काढणं, हे त्यांचे उद्योग. रोज, हातानं! मला महिन्याला दोन ब्लॉग लिहिताना धाप लागते.

एका ठिकाणी मात्र आबांनी स्कूटर स्टँडवर लावली. प्रताप तत्त्वज्ञान मंदिर. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये ही संस्था काढली. कापडाच्या पैशातून वेदान्ताचा अभ्यास, आणि तोही असा की कृष्णचंद्र भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती, जी. आर. मलकानी अशी तत्त्वज्ञ मंडळी या तालुक्याच्या गावी येऊन राहिली, लिहिती झाली. मला त्यांच्या अद्वैतापेक्षा जेवणाची काळजी वाटली. बंगालमधून आलेल्या माणसानं कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा ब्रह्म सत्य की ठेचा सत्य, हा प्रश्न त्याला नक्की पडला असणार. आबांना हा विनोद आवडला नाही. त्यांच्या मते ठेचा हा प्रश्न नाहीच.

अमळनेरला जाऊन शेअरचा विषय काढला नाही असा पाहुणा बहुधा होतच नाही. १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याच नावाचं पुढे आखडत 'विप्रो' झालं. सुरुवातीला गावातल्या लोकांनी शेअर घेतले, काहींनी आग्रहाखातर, काहींनी ओळखीखातर. ज्यांनी ते ट्रंकेत ठेवून दिले त्यांच्या नातवंडांचं कल्याण झालं. "आणि तुमच्याकडे?" मी विचारलं. आबा हसले. त्यांच्या काकांकडे होते. बहिणीच्या लग्नात विकले. "लग्न झकास झालं," एवढंच म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. नंतर लक्षात आलं की हीच गोष्ट गावात मला आणखी दोघांनी सांगितली, एकाच्या बाबतीत लग्नाऐवजी विहीर होती. कुणाच्या आवाजात हळहळ नव्हती. एकानं तर विहिरीला अजून पाणी आहे हे आवर्जून सांगितलं.

रात्री नऊनंतर गाव ओट्यावर येतं. दुपारी जे रस्ते मी मेलेले पाहिले होते तिथे आता चालायला जागा नव्हती. प्रत्येक घरासमोर पाणी मारलेलं, ओट्यावर सतरंजी, खाली खाट, खाटेखाली माठ. कुणी शेंगा फोडतंय, कुणी पोरांचे निकाल विचारतंय. शेजारचे जिभाऊ प्रताप मिलमध्ये होते. मिल बंद पडून कैक वर्षं झाली, पण ते अजूनही वेळ भोंग्यानं सांगतात. "पहिल्या भोंग्याला निघायचो, दुसऱ्याला बायको तव्यावर भाकरी टाकायची." त्यांच्या बायकोनं ओट्यावरूनच दुरुस्ती केली, भाकरी पहिल्या भोंग्याआधीच डब्यात असायची, हे कधी उठून बघतील तर ना. जिभाऊंनी वाद घातला नाही. २०२४ च्या साहित्य संमेलनाचा विषय निघाला, १९५२ मध्येही ते इथेच झालं होतं म्हणून. मी विचारलं, कोणाचं भाषण आवडलं? जिभाऊ विचारात पडले. मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे चार पाहुणे होते. भरीत-पुरी केली होती. एक जण तर डबा भरून घेऊन गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीच्या पात्रात गेलो. नदी म्हणजे या दिवसांत वाळू. तिथेच संत सखाराम महाराजांची समाधी. अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात ते त्यांच्यामुळे. वैशाख शुद्ध एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी आणि तोवर या कोरड्या नदीत जत्रा भरते. पाळण्याचे लोखंडी सांगाडे उतरत होते, माठवाले जागा धरून बसले होते. एक सुतार बाभळीचे ओंडके तासत होता. मी विचारलं, हे कशाला? "मोगरी." एवढा जड रथ माणसं ढकलतात, त्याला ना ब्रेक ना स्टिअरिंग. चाकाखाली ही लाकडी मोगरी अचूक वेळी सारली तरच तो थांबतो, वळतो. सारणाऱ्याचा हात चाकापासून वीतभर. "भीती नाही वाटत?" त्यानं तासणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. "ढकलणाऱ्यांवर भरोसा पाहिजे ना भाऊ," म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

रथाला थांब असा आग्रह सगळ्यांनी केला. सुट्टी नव्हती. निघताना मावशींनी बिबड्यांची एक चळत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, वर माझे ते दोन ठेवले. "हे तुझे. तळशील तेव्हा कळेल जाड झाले की काय."

बसमध्ये पिशवी वरच्या कप्प्यात ठेवायला हात वर केला, तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "बिबडा शेत ना? मांडीवर ल्या. वर ठेवशात ते चुरा हुई जाई."

धुळ्यापर्यंत मांडीवर घेऊन बसलो.