ऐकून घेतलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरच्या भागांच्या यादीत प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ होता आणि ग्राफिक्स कार्डाची ओळ कोरी होती. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ येतो, त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर स्क्रीन काळीच राहते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, आमच्या दुकानात, अशी यादी घेऊन कोणी ना कोणी येतंच. मी कागदावरून नजर न काढता नेहमीच्या सुरात म्हटलं, “सर, याला डिस्प्ले येणार नाही.”

“मला डिस्प्लेचं काय काम?” समोरचे गृहस्थ म्हणाले.

मग मान वर केली. पांढरी काठी घडी करून काखेत धरलेली, शेजारी दहावी-अकरावीतली मुलगी. यादी पुतण्याने करून दिली होती आणि त्याचं गणित असं, की काकांना दिसत नाही, म्हणजे कार्ड नको. कार्ड नको तर ग्राफिक्सवाला प्रोसेसर तरी कशाला, एफ घ्या, तेवढेच हजार-दोन हजार वाचतील. ऐकायला बिनतोड. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण हे गणित माझ्यासमोर कोणी मांडलं नव्हतं.

हे सर शाळेत संगीत शिकवतात. घरी बोलक्या पुस्तकांचं ध्वनिमुद्रण करतात, दुसऱ्यांनी वाचलेलं साफ करून देतात. वसईहून आले होते. जुनं मशीन इंटेलच्या सातव्या पिढीचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही. त्या एका कारणाने तेव्हा काही महिने आमच्याकडे रांग होती. त्यात भर रॅमची. सगळ्या जगाची मेमरी एआयच्या डेटा सेंटरकडे वळली आणि डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा भाव २०२५ च्या दिवाळीच्या आधी होता त्याच्या तिपटीवर जाऊन बसला. डिसेंबरात मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून गल्लीत सकाळचा भाव संध्याकाळी कोणी देईना. पुतण्याची यादी दिवाळीच्या आधीची. त्यातला रॅमचा आकडा वाचून आमचा दुकानातला पोरगा हसला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

आधी एफचा निकाल लावला. सरांना म्हटलं, काही मदरबोर्ड ग्राफिक्स सापडलं नाही की तिथेच अडून बसतात, काही पुढे जातात. बॉक्सवर हे लिहिलेलं नसतं. शिवाय स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, विंडोज उठल्यावर बोलायला लागतो. त्याच्या आधीचा सगळा भाग, म्हणजे बायोस, मुका. तिथे काही अडलं तर मॉनिटर लावून कोणीतरी डोळसानेच बघायचं, आणि बघायला काहीतरी उमटायला हवं. मुलगी मध्येच म्हणाली, “आणि बाबा, माझा अभ्यास?” तिथे एफ कटला. साधा आय फाइव्ह १२४०० ठरला. २०२२ सालचा, सहा कोअरचा. आवाज साफ करायच्या कामाला पुरून उरतो.

“आता रॅम,” मी जरा चाचरतच सुरुवात केली. सरांनी पिशवीतून जेवणाचा छोटा स्टीलचा डबा काढून काउंटरवर ठेवला. झाकण उघडलं तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रॅमच्या दोन पट्ट्या, आठ-आठ जीबीच्या, आधीच्या पिढीच्या डीडीआर४. जुन्या मशीनमधून स्वतः काढून आणलेल्या. “रेडिओवर भाव ऐकला,” म्हणाले. “डबा धातूचा, म्हणजे स्टॅटिकचा, स्थिर विजेचा, त्रास नाही, बरोबर ना?” बरोबरच होतं. आमच्याकडे येणारे भलेभले रॅम शर्टाच्या खिशात टाकून आणतात.

त्या डब्याने पुढची अर्धी यादी ठरवली. १२४०० ची गंमत अशी, की तो डीडीआर४ बोर्डावरही चालतो आणि डीडीआर५ वरही. बोर्ड कुठला घेता त्यावर रॅम ठरते. एरवी मी गिऱ्हाइकाला डीडीआर५ कडे ढकलतो, पुढच्या वाढीला जागा राहते म्हणून. इथे उलट. पट्ट्या हातात आहेत तर त्यांना चालेल असा एच६१० चा डीडीआर४ बोर्ड घ्यायचा. पट्ट्यांचा वेग २४०० चा, आजच्या मानाने मंद, पण आवाजाच्या कामात तो फरक कोणाला कळणार नाही. दोन्ही पट्ट्या टेस्टरवर लावल्या, स्वच्छ निघाल्या. या बाजारात रॅमचं बिल शून्य!

मी दोन-तीन बोर्ड पुढ्यात ठेवले. सर मागच्या पोर्टांवरून अंगठा फिरवू लागले. नेटवर्कचा, म्हणजे लॅनचा, चौकोनी खड्डा सापडला की तिथून यूएसबी मोजायचे. माइकची पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, कायम त्याच एका यूएसबीत लावायची, म्हणजे विंडोज ती विसरत नाही. म्हणून त्यांना लॅनच्या लगतचं यूएसबी हवं होतं, सापडायला सोपं. मग हेडफोनची भोकं. आम्ही सगळ्यांना सांगतो, “हिरव्यात लावा.” तोंडातून शब्द निघालाच. ते म्हणाले, “हिरवं म्हणजे कितवं?” तीन भोकांच्या बोर्डावर निळं, हिरवं, गुलाबी अशी उतरंड असते. मधलं, म्हटलं. इंटरफेस असताना हे भोक कशाला, असं मी विचारलं, तर स्क्रीन रीडरचा आवाज ते या भोकातून वेगळ्या हेडफोनच्या एका कानात घेतात आणि ध्वनिमुद्रण इंटरफेसवर ठेवतात. दोन्ही एका वाटेने आले तर पुस्तकातला राजा बोलता बोलता मध्येच ‘सेव्ह बटन’ म्हणेल.

बोर्ड निवडताना माझीही एक अट होती. हल्ली बोर्डावर चूक दाखवायला बारीक दिवे असतात: रॅमचा एक, ग्राफिक्सचा एक. सरांना त्यांचा काय उपयोग? पूर्वी बीप यायचा. सुरू झालं की एक ‘टिक’, रॅम बसली नसेल तर वेगळे बीप. तो बारका स्पीकर आता कोणी देत नाही आणि स्वस्त बोर्डांवर त्याच्या चार पिनासुद्धा नसतात. एक चांगला बोर्ड मी तेवढ्यासाठी बाजूला सारला. दुसऱ्यावर ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिना होत्या. स्पीकरसाठी पोराला चार दुकानं फिरवली. एका म्हाताऱ्या शेठच्या ड्रॉवरमध्ये मूठभर पडलेले निघाले, वीस रुपयाला एक. मी पाच उचलले.

खरा वेळ गेला तो आवाजात. माइक त्याच खोलीत असणार, त्यामुळे मशीन जवळपास मुकं हवं. प्रोसेसरच्या बॉक्समधला पंखा ताण आला की ओरडतो. त्याऐवजी १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उंच कूलर घेतला, मोठं पातं सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतं. कॅबिनेट त्यांनी बोटाच्या टिचकीने निवडलं. पातळ पत्रा टणटणतो आणि पंख्याची थरथर वाढवतो. काचेच्या, दिव्यांच्या कॅबिनेटांसमोरून मुलगी हलायला तयार नव्हती, तिच्याकडे दुर्लक्ष करून ते पत्रे वाजवत राहिले आणि कोपऱ्यातल्या एका काळ्या, जाड, कोणी बघत नाही अशा डब्याशी थांबले. वर्षभर पडून होता तो माल.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारी पेटी, काउंटरवर ठरवणं शक्य नव्हतं. बाहेर हातगाड्या, टॅक्सीचे हॉर्न, शेजारच्या दुकानात स्पीकरचा डेमो. म्हणून आम्ही वर पोटमाळ्यावर गेलो. एसी बंद केला, पंखा बंद, दुरुस्तीला आलेली सगळी मशीनं बंद. दार लावून घेतलं. जानेवारी असूनही पाच मिनिटांत घाम फुटला. पहिला एसएमपीएस कमी भाराला पंखाच थांबवणारा, महागडा. तो जोडून मशीन चालू केलं. मला काहीच ऐकू येईना, मी खूश. सरांनी मान वाकडी केली.

“सुईसारखा आवाज आहे. माउस हलवला की बदलतो.”

मी कान लावला. काही नाही. पोराने लावला, एकोणीस वर्षांचा आहे. “हो दादा, येतोय की!” ही कॉइलची कुरकुर. आतली वेटोळी विजेच्या झटक्यांनी थरथरतात आणि बारीक किणकिणतात. वय वाढलं की कान आधी तेच वरचे सूर सोडतो. बिघाड नव्हे, वॉरंटीत कोणी बदलून देत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. दुसऱ्याचा पंखा कायम फिरणारा, त्याच्या बेअरिंगची घरघर मलाही कळली. तिसरा ५५० वॅटचा, गोल्ड प्रतीचा. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलीलाच वाटलं मशीन बंद पडलं. “चालू आहे ना?” त्यांनी विचारलं. त्या घरात एवढ्या वॅटची गरज नाही, सव्वाशे-दीडशेच्या वर ते मशीन जायचं नाही. पण शांततेची सोय वरच्या मालातच येते, तिला इलाज नाही. एरवी एसएमपीएसवर पाचशे जास्त सांगितले तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं आणि तेच पैसे दिव्यांना देतं.

जुनी एक टीबीची हार्ड डिस्क त्यांना ठेवायची होती, सगळी रेकॉर्डिंगं तिच्यावर. ती फिरते, गुणगुणते. मशीनमध्ये एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे न फिरणारी, मुकी डिस्क टाकली आणि डिस्कसाठी बाहेरची यूएसबी पेटी दिली. कॉपी झाली की उपसून कपाटात.

कीबोर्डावर मात्र मी हरलो. आमच्याकडे सध्या आखूड, मेकॅनिकल, रंगीत कीबोर्ड खपतात. सरांना नंबरपॅड हवाच. ते एनव्हीडीए वापरतात. ऑस्ट्रेलियात २००६ साली दोघा दृष्टिहीन तरुणांच्या कामातून उभा राहिलेला हा फुकट स्क्रीन रीडर मराठीही वाचतो. त्यात नंबरपॅडवर वरच्या रांगेने ओळ, मधल्या रांगेने शब्द आणि खालच्या रांगेने एकेक अक्षर वाचून घेता येतं. शिवाय एफ फोर आणि एफ फाइव्हच्या मध्ये फट हवी, नाहीतर बोटांना एफ सहा की सात कळत नाही. फट नसलेले कीबोर्ड किती निघतात हे मला त्या दिवशी दिसलं. माझी निम्मी मांडणी बाद. शेवटी सरकारी कचेरीत असतो तसला जाडा, साधा कीबोर्ड पसंत पडला. बटणं आवाज न करणारी.

बायोसमध्ये पंखे साठ अंशांपर्यंत एकाच मंद वेगावर बांधून टाकले. एकसुरी आवाज कान विसरतो, चढ-उतार विसरत नाही, हे त्यांचंच म्हणणं. वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होऊ नये, हेही बघितलं. ‘चूक आढळल्यास एफ वन दाबा’ म्हणून थांबणं बंद केलं. एखादी बारीक चूक निघाली तर माणूस मुक्या मशीनपुढे बसून राहील. विंडोजच्या फायली पोराने चढवल्या. देश निवडायचा पडदा आला तसा सरांनी कीबोर्ड ओढून घेतला, विंडोज-कंट्रोल-एंटर दाबलं आणि मशीन बोलायला लागलं. वेग त्यांनी इतका वाढवला, की मला एक शब्द लागेना. मी चहा सांगायला खाली गेलो. परत आलो तेव्हा एनव्हीडीए बसला होता आणि ते रीपर हे संपादनाचं सॉफ्टवेअर, त्याला बोलकं करणाऱ्या ओसारा या जोडणीसकट उतरवून घेत होते.

मॉनिटर घरचा जुनाच, व्हीजीए या जुन्या जोडणीचा; बोर्डाला व्हीजीए होतं. बिल पक्कं, १८ टक्के जीएसटीसह. कच्च्याची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही नाही. तीन वर्षांनी वॉरंटीला कागदच लागतो. बिलावर एसएमपीएस प्रोसेसरच्या खालोखाल आणि रॅमची ओळच नाही, असं बिल मी यंदा दुसरं फाडलेलं नाही. मुलीसाठी एक रंगीत दिव्यांची पट्टी गेली. सरांनी विचारलं, “ही वाजते का?” वाजत नाही म्हटल्यावर, “मग लाव.”

पोरगा ग्रँट रोड स्टेशनपर्यंत मशीनचा डबा घेऊन गेला आणि त्यांना दिव्यांगांच्या डब्यात बसवून आला.

दोन दिवसांनी फोन आला. मशीन उत्तम, म्हणाले, पण त्याच्याखालचा यूपीएस गुणगुणतोय. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, तो वाजणारच. मी सुचवलं, लांब वायर घेऊन बाहेरच्या खोलीत ठेवा.

“ठेवला,” सर म्हणाले. “आता फ्रिज ऐकू येतोय.”