अकरा पिक्सेल

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकलेली, लाइट दोनदा गेलेली, आणि माझ्या स्क्रीनवर गुरू ग्रहाच्या कडेला ओळीनं अकरा पिक्सेलवर तापमान 860 अंश सेल्सिअस! शेजारी सगळीकडे 480च्या आसपास.

हवाईच्या केक दुर्बिणीचा डेटा काही काळाने सर्वांना खुला होतो. तो कोल्हापुरात बसून मी उतरवते. गुरूच्या वरच्या वातावरणात एच-थ्री-प्लस हा आयन, म्हणजे हायड्रोजनच्या तीन अणूंचा विद्युतभारित कण, चमकतो. त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या 3.41 आणि 3.95 मायक्रॉन तरंगलांबीच्या दोन रेषा मोजायच्या. आयन जितका तापलेला, तितकी पहिली रेषा दुसरीच्या मानाने ठळक. नुसत्या उन्हावर तिथं उणे 73 अंश असायला हवं होतं. प्रत्यक्षात 400च्या वर असतं. ध्रुवीय प्रकाशाची उष्णता विषुववृत्ताकडे पसरते, हे 2021 साली केकच्याच नकाशांनी दाखवलं.

सर म्हणाले, "नॉइज आहे, काढून टाक." म्हणजे मोजमापातली यादृच्छिक गडबड. शोधनिबंध पाठवायची घाई, दुसरं काय! पण नॉइज अकरा पिक्सेल ओळीनं बसत नाही.

मग एकेक फ्रेम, म्हणजे दुर्बिणीनं टिपलेलं चित्र, उघडली. दुर्बीण आधी गुरूवर, मग बाजूच्या कोऱ्या आभाळावर धरतात आणि दुसरी फ्रेम पहिलीतून वजा करतात, म्हणजे आपल्याच हवेचा उजेड निघून जातो. इथं आभाळाची फ्रेम बऱ्याच उशिरा घेतलेली. तेवढ्यात हवा पालटली होती, आणि 3.41च्या रेषेला खेटून एक बारीक उंचवटा उरला होता. तो पृथ्वीचा होता, आणि माझा प्रोग्रॅम तो गुरूच्या खात्यावर मांडत होता. हे शोधायला सहा तास गेले. असं काम शोधनिबंधात एका ओळीत संपतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जवळच्या वेळेची फ्रेम वजा केली. 860चे 610 झाले. 480 मात्र झाले नाहीत.

मोजमापातली त्रुटी अधिक-उणे 90 अंश. शेजारच्या पिक्सेलना 20. आमच्या नियमानं एवढ्या त्रुटीचा आकडा नकाशात जात नाही. मी ते अकरा पिक्सेल काढले, नकाशात तिथं पांढरी फट आहे. पण 2021च्या त्या नकाशांतही एक तापलेला पट्टा ध्रुवाकडून खाली सरकताना सापडला होता. माझी फट त्याच बाजूला, ध्रुवीय प्रकाशाच्या वलयाच्या जरा खाली पडते.

सरांना न सांगता पुढच्या रात्रीच्या फ्रेम्स उतरवायला लावल्यात. लाइट टिकली तर सकाळपर्यंत येतील.